विहिरीचा हिरवा चुडा

मी आयुष्यभर पुष्कळ खोटं बोललो आहे, पण ज्याच्यापुढे लोकांनी नारळ फोडले असं खोटं एकच. बाकीच्यांना लोक हसले आणि विसरले. हे विसरले नाहीत.

कासाराचा धंदा निम्मा काचेचा आणि निम्मा तोंडाचा. बाई दुकानात येते तेव्हा तिचा हात आखडलेला असतो. हात सैल सुटल्याशिवाय बांगडी चढत नाही, आणि लक्ष दुसरीकडे गेल्याशिवाय हात सैल सुटत नाही. माझे वडील त्यासाठी अभंग गुणगुणत. माझा गळा बेसूर, म्हणून मी गोष्टी सांगे. भवानी पेठेत आमचं दुकान. समोर पेढीवाले, मागे विणकरांची गल्ली, आणि गिरणीचा भोंगा झाला की दुकानात बायकाच बायका. मी सांगे त्यातलं निम्मं खरं असे. कोणतं निम्मं, ते दिवेलागणीपर्यंत माझं मलाही आठवत नसे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, गोणपाटाच्या पडद्याआड, माझी आक्का बसे. माझ्याहून सहा वर्षांनी थोरली. दुधनीला दिली होती. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी एका ट्रंकेसह आणून सोडलं. येताना निम्मी कानडी बोली घेऊन आली होती. नको म्हणायचं झालं की आधी ‘बेडा’ निघायचं. तिचं काम म्हणजे नवा माल मापावारी लावायचा, रंगावारी ओवायचा, डझनाच्या माळा करायच्या. माळा तयार झाल्या की पडद्याखालून सरकवायच्या. मी हात घालून घ्यायच्या.

तो पडदा मीच लावला होता. नव्या चुड्याला आलेल्या सवाष्णीच्या नजरेला पहिल्यांदा विधवा पडू नये म्हणून. मला ते शहाणपण वाटलं होतं. आक्काला काय वाटलं ते मी विचारलं नव्हतं.

तर एका उन्हाळ्यात, गल्लीच्या टोकाला पेठेची जी विहीर होती, तिच्यात एका बाईनं जीव दिला. विधवा होती. दिराच्या घरी राहायची, दिवसभर मागाच्या कांड्या भरायची. मी तिला ओळखत नव्हतो. कसा ओळखणार? नवरा गेल्यापासून अकरा वर्षांत ती माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. विधवेला कासाराकडे काय काम?

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एक विणकरीण आली. गोरी, ठेंगणीठुसकी, जन्माची भित्री. हात असा आवळलेला की सव्वादोनाचं माप बोटांच्या पेरातच अडकलं.

“मामा,” ती कुजबुजली, “तुमी काय आयकलं?”

मी काहीच ऐकलं नव्हतं. पण कासाराला ‘ठाऊक नाही’ म्हणणं शोभत नाही. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि म्हणालो, “पहाटे एकीनं घागर सोडली. तर पाण्यावर ती बसलेली. कपाळाला मळवट. आणि कोपरापर्यंत हिरवागार चुडा.”

“विधवेला?” तिनं श्वास रोखला. हात सैल पडला. मी एकामागून एक बारा बांगड्या चढवल्या. एकही वाढली नाही. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मी खूश. इतका खूश, की पुढच्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगितली आणि तिच्यात नाकातली नथ घातली.

तिन्हीसांजेला ती गोष्ट माझ्याकडे परत आली, सजूनधजून. म्हणे बांगड्यांचा आवाज येतो. म्हणे ती हसते. म्हणे आता ती आसरा झाली. आमच्याकडे पाण्यात सात आसरा राहतात, सात बहिणी. प्रत्येक विहिरीच्या काठावर त्यांचे सात शेंदरी दगड असतात. आठव्या दिवशी पाहिलं तर आठवा दगड मांडलेला होता.

मग सुरू झाल्या ओट्या. शुक्रवारी, अमावास्येला, पौर्णिमेला. ज्या जावेनं तिला कधी न विटलेलं लुगडं दिलं नव्हतं, ती नवंकोरं हिरवं लुगडं घेऊन विहिरीवर आली. जिला लग्नाच्या मांडवात उभं राहू देत नसत, तिच्यापुढे सवाष्णी पदर पसरू लागल्या. आणि प्रत्येक ओटीबरोबर पाण्यात हिरव्या बांगड्या. त्या कुणाच्या दुकानातून जात होत्या हे सांगायला नको. मी गालातल्या गालात हसत होतो. एवढी चाललेली गोष्ट मी त्याआधी रचली नव्हती.

दिवाळीनंतर त्याच विहिरीत दुसरी बाई गेली. ही तर लेकुरवाळी. नवऱ्याचा माग बंद पडला होता, घरात रोजची भांडणं. जायच्या आधीच्या शुक्रवारी तिनं त्या आठव्या दगडाची ओटी भरली होती. बांगड्या माझ्याच.

त्या दिवशी मी गोष्ट सांगितली नाही. पण आता गोष्टीला माझी गरज उरली नव्हती.

“दोन झाल्या,” दुकानातली एक म्हातारी म्हणाली. “दोन झाल्या की इहीर तिसरी मागतीया.”

“मागतीया म्हंजे? घ्येतल्याबगर ऱ्हाती व्हय?”

“कुणाचा नंबर असंल गं?”

“त्या कोपऱ्यावरच्या सुनेचा. सासू लई खाष्ट हाय.”

“छे! ती कसली जाती? ती सासूलाच ढकलंल.”

हशा झाला. बाजाराला काय आणायचं ते ठरवावं, तशा त्या तिसरी कोण ते ठरवत होत्या. मग एकीनं हात माझ्या हातात तसाच ठेवून, भुवई उडवून पडद्याकडे खूण केली. सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांना पटल्यासारखं झालं.

पडद्याआड काचेवर काच वाजत होती. ती थांबली.

चार दिवसांनी म्युनिसिपालिटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर दुकानात आले. खाकी कोट, डोक्याला टोपी, सायकलच्या हँडलला लाल औषधाचा डबा. पटकीच्या दिवसांत विहिरीत हे औषध टाकायचं त्यांचं काम. पाणी जांभळं होई आणि बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. कासाराच्या दुकानात पुरुष एकटा आला की समजावं, बायकोशी भांडण झालं आहे. मी हसून म्हटलं, “साहेब, माप आणलंय का वहिनींचं?”

ते हसले नाहीत. खिशातून वही काढून बसले.

“पटकी एका घरात झाली तर आम्ही दुर्दैव म्हणतो. एकाच पाणवठ्यावरच्या दोन घरांत झाली तर पाणी तपासतो. या विहिरीवर एका वर्षात दोन बाया गेल्या. मी पाणी तपासलं. पाणी चांगलं आहे.”

“मग झालं तर.”

“मग पाण्याबद्दल लोक काय बोलतात ते तपासलं. पटकीचं मूळ शोधतात तसं. पहिल्या घरी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी दुसरं घर दाखवलं, दुसऱ्यानं तिसरं. अकरा घरं मागं आलो.” त्यांनी वही मिटली. “बारावं हे दुकान आहे.”

माझ्या हातातली माळ हातातच राहिली. मी सारवासारव केली. म्हटलं, साहेब, करमणूक हो. हात सैल सुटावा म्हणून. बायकांना का कळत नाही?

“काय कळलं सांगू? जी बाई जिवंतपणी कुणाला दिसली नाही, तिला मेल्यावर लुगडं, चुडा, नारळ. सगळी पेठ पाया पडते. ज्या घरात एखादी अशीच न दिसणारी बसलेली असेल, तिला या गोष्टीतून काय ऐकू जात असेल?”

मी पडद्याकडे पाहणार नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं.

“ती दुसरी,” मी विचारलं, “माझ्यामुळं गेली का?”

“एका कारणानं कुणी जात नाही. भूक होती, भांडण होतं, अजून काय काय असेल. पण तुम्ही त्यातलं एक कारण होता की नव्हता, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही.”

आज इतकी वर्षं झाली. नाहीच कळलं.

विहिरीवर लोखंडी जाळी बसवा म्हणून त्यांनी वर लिहिलं होतं. पण पेठेतल्या पंचांनी हरकत घेतली होती: आसरांना पिंजऱ्यात कोंडायचं नाही. जाळी येईल तेव्हा येईल, ते म्हणाले, तोवर तुम्ही एक काम करा.

“माझ्या हातात हा औषधाचा डबा आहे. तुमच्या हातात सगळ्या पेठेचे हात आहेत. डॉक्टरला नाडी दिसते ती बाई आजारी पडल्यावर. तुमच्याकडे ती सणासुदीला येते, डोहाळजेवणाला येते, माहेराहून आली की येते. हात कसा आहे ते तुम्हाला नवऱ्याआधी कळतं. वेगळा वाटला की विचारा.”

“काय विचारू?”

“सरळ. जीव नकोसा झालाय का. मरावंसं वाटतं का.”

“अवो, असं विचारलं तर नसलेलं डोक्यात जाईल की!”

तोवर ते कचेरीच्या भाषेत बोलत होते. एकदम त्यांची करमाळ्याकडची बोली वर आली. “नसलेलं जात न्हाई, कासार. असलेलं भाईर येतं. माझ्या थोरल्या भावाला कुणी इचारलं न्हाई. मी बी न्हाई. इचारलं तर वंगाळ दिसंल म्हनून.” त्यांनी टोपी घातली आणि सायकल काढली.

ते गेल्यावर मी माल लावायला घेतला. हाताला काहीतरी काम हवं होतं. हिरव्या बांगड्यांच्या पेटीत मापावारी माळा असत. अडीच, सव्वादोन, आणि अगदी तळाला दोनाच्या मापाची एकच माळ. दोनाचं माप म्हणजे परकऱ्या पोरींचं. मोठ्या बाईचा हात त्यात जातच नाही. माझ्या सबंध धंद्यात मोठ्या बाईचा तसला हात मी एकच पाहिला होता. आक्काच्या लग्नात वडिलांनी चुडा भरला तेव्हा बांगड्या धरायला मी शेजारी बसलो होतो.

तळाची माळ पेटीत नव्हती.

मी पेटी उलटी केली. मग शेजारची. मग सगळ्या. कुठेच सापडेना. आठवलं की गेले तीन दिवस आक्का माळा सरकवताना कानडीत काहीतरी पुटपुटत होती, आणि मी ते गाणं समजत होतो. आठवलं की तिनं तिची ट्रंक झाडूनपुसून कोपऱ्यात ठेवली होती आणि विणकरणीच्या पोरीला स्वतःची फणी देऊन टाकली होती. आणि आठवलं की महिनाभरापूर्वी तिनं पडद्याआडून विचारलं होतं, “अरे, ती पान्यातली, तिच्या हातात खरंच कोपरापत्तर चुडा हाय व्हय?” आणि मी, गिऱ्हाईक समोर बसलेलं म्हणून, ऐटीत म्हणालो होतो, “कोपरापत्तर काय, खांद्यापत्तर!”

माझी बायको तेव्हा करमाळ्याला, माहेरी पहिल्या बाळंतपणाला. घरात आम्ही दोघंच. मी दुकानाची फळी लावली. भरल्या दुपारी फळी लावलेली पाहून समोरचा पेढीवाला ओरडला, “काय हो, आत्ताच झोपता काय?” मी आत गेलो.

आक्का भिंतीशी बसून निळ्या बांगड्या ओवत होती. मान वर केली नाही.

“आक्का, दोनाच्या मापाची हिरवी माळ कुठाय?”

“उंदरांनी न्हेली आसंल.”

“उंदरांना दोनाचं माप बसतं व्हय?”

तिच्या ओठाचा कोपरा हलला. एरवी एवढ्यावर मी जिंकलो असतो. गोष्ट सांगितली असती, ती हसली असती, आणि मी बाहेर जाऊन फळी काढली असती. सांगतो, जन्मात इतकं अवघड वाक्य मी कधी बोललो नाही. आडून गेलो नाही, नाटक केलं नाही.

“आक्का, तू विहिरीत जीव द्यायचं मनात आणलंयस का?”

सुई थांबली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाढवाला शिव्या देत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, “हौदु.” कानडीत. हो.

मला वाटलं होतं हा शब्द ऐकला की घर कोसळेल. कोसळलं नाही. ती तिथंच बसली होती, मी तिथंच उभा होतो. मी खाली बसलो.

“कधी?”

“अमुशेला.” अमावास्या तीन दिवसांवर होती.

तिनं ज्वारीच्या रांजणामागून माळ काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “ती बी माझ्यावानी व्हती न्हवं? तिला पान्यात चुडा कुणी भरला?”

“मी.”

“आं?”

“मी भरला, आक्का. बाहेर बसून, तोंडानं. त्या विणकरणीचा हात अडकला होता म्हणून. कुणी काही पाहिलं नाही. चुडा नाही, मळवट नाही, हसणं नाही.”

“मंग तितं काय हाय?”

“गाळ आहे. काळं पाणी आणि गाळ.”

तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे कलंडलो. लहानपणी घालायची तसा. मग दुसरा. “मुडद्या! असलं लबाड बोलतोस? लाज न्हाई वाटली? अन् मी हितं बसून रोज... रोज...” मग ती रडायला लागली. सासरहून आणून सोडली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

मी मूर्खासारखी ती माळ उचलली. म्हटलं, “आण हात. आत्ता भरतो. कोण काय म्हणतं बघू.”

“बेडा,” ती म्हणाली. हात मागे घेतला. “मला चुडा नगं रं. तितं भाईर बारा बाया हसतात. मला निस्ता आवाज येतो. कशाला हसल्या ते दिसत न्हाई. कुनाचं त्वांड दिसत न्हाई. समदं गोनपाटातून.”

एवढंच म्हणाली. मी उठलो आणि पडदा ओढला. खिळ्यासकट आला, वर भिंतीचा पोपडा पडला, माझं डोकं पांढरं झालं. आक्का रडता रडता हसली की हसता हसता रडली, ते मला नीट सांगता येणार नाही.

ते तीन दिवस मी तिला डोळ्याआड केलं नाही. इन्स्पेक्टरांना जाऊन सांगितलं. ते संध्याकाळी आले, आक्काशी बोलत बसले. काय बोलले ठाऊक नाही, मला त्यांनी चहा करायला पाठवलं होतं.

आता गोष्ट परत घ्यायची होती. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःचे कान धरून सांगितलं: खोटं होतं, मी रचलं होतं. काय झालं असेल? कुणाला पटलं नाही! “आसरा कोपली मामांवर,” म्हणाल्या, “भ्यालेत बिचारे.” एकीनं माझ्या नावानं विहिरीवर नारळ वाढवला. माझं पहिलं खरं बोलणं, आणि त्याची ही गत.

अमावास्येच्या सकाळी इन्स्पेक्टरांनी गाळ काढायला माणसं लावली. औषधाआधी विहीर साफ करावी लागते, एवढंच त्यांनी पंचांना सांगितलं. ओट्या घेऊन आलेल्या बायका काठावर खोळंबल्या. पहिली पाटी वर आली. काळ्या चिखलात हिरवी काच. दुसरी पाटी, तिसरी, चौथी. काचेचे ढीग झाले. पाटी उचलणाऱ्या माणसाचा हात कापला आणि चिखलावर रक्त ठिबकलं. बायका मागे सरल्या. खालून ओटीच्या लुगड्याच्या कुजलेल्या चिंध्या आल्या, तेव्हा पहिलीची ती जाऊ तोंडाला पदर लावून खालीच बसली.

हेच पाणी सगळी पेठ पीत होती.

त्या क्षणी मी कठड्यावर चढलो. खरं खपत नव्हतं, तर खोटंच काढायला हवं होतं, आणि ते काम माझ्याइतकं कुणाला येतं? मी दोन्ही हात पुढे केले, डोळे मिटले. म्हणालो, “माझ्या सपनात आली होती ती. चुडा नव्हता. मनगटं काचेनं चिरलेली. म्हणाली, कासारा, ही तुझी काच काढ, मला रुतते. मला हितं कुणी भेटलं नाही, कुणी हाक मारत नाही. जिवंत होते तेव्हा एकदा दारात बसवून विचारलं असतं, तर मी आले नसते. आता माझी ओटी भरू नका. घरात माझ्यासारखी कोण बसलीय, तिला जाऊन विचारा.”

मी डोळे उघडले. इन्स्पेक्टर माझ्याकडे असे बघत होते की हसावं की पकडून न्यावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मग ती जाऊ उठली. आणलेलं खण-नारळाचं ताट पदराखाली घेतलं आणि घराकडे वळली. तिच्यामागे दुसरी. त्या दिवशी ओटी भरली गेली नाही. पंचांनी महिन्याभरात जाळी बसवू दिली. आसरांना काच रुतते म्हटल्यावर जाळी हा पिंजरा राहिला नाही, राखण झाली.

आक्का बाहेर येऊन बसली ते मात्र पेठेला मानवलं नाही. पहिल्या आठवड्यात बायका पायरीपर्यंत यायच्या, तिला बघायच्या आणि पलीकडच्या दुकानात जायच्या. “मी आत जाऊ का?” ती विचारी. मी म्हणे, “कुठं आत? पडद्याची मी भांडी पुसायची फडकी केलीत.”

मग ती भित्री विणकरीण आली, माझ्या गोष्टीची पहिली गिऱ्हाईक. आठवा महिना, हात सुजलेले. पलीकडच्यानं तिच्या सहा बांगड्या वाढवल्या होत्या आणि हात कापला होता. माझ्यानंही होईना. आक्का शेजारून बघत होती. ती म्हणाली, “तेल आन.” तिनं तो हात मांडीवर घेतला, तेल लावलं, अंगठा आत मुडपला आणि बोलायला लागली. गोष्ट वगैरे नाही. “घरी कोन कोन हाय? जेवन जातं का? झोप लागती का? मनाला बरं हाय का गं तुज्या?” बारा बांगड्या चढल्या. एक वाढली नाही. ती बाई उठली, चुडा भरल्यावर कासाराला नमस्कार करतात म्हणून वाकली, आणि वाकताना आधी कुणाकडे वळावं ते तिला कळेना. शेवटी आक्काकडे वळली.

त्यानंतर दुकान तिचंच झालं. मी आपला तोंडापुरता. ती प्रत्येकीचा हात धरून विचारी, आणि हात नीट बोलला नाही की सरळ विचारी, जसं मी तिला विचारलं होतं. एखादीचा हात फारच गार लागला, तर ती माझ्याकडे न बघता म्हणे, “हिचं माप घावंना. बस गं जरा, ह्यो हुडकतो.” मग मी पेट्या काढून हुडकायला बसे. तास, दोन तास, नवरा किंवा भाऊ किंवा आई येईपर्यंत. माप समोरच असे. कुणाला निरोप पाठवायचा, कुणाला इन्स्पेक्टरांकडे न्यायचं, ते तोवर ठरे. माप सापडत नाही म्हणून किती जणी आमच्या पायरीवर बसून राहिल्या, मी ठेवलं नाही लक्षात. त्यांच्यातली एकही विहिरीवर गेली नाही, एवढं मात्र ठेवलंय.

म्हाताऱ्या अजून म्हणतात, दोन झाल्या, तिसरी राहिलीय. जाळीजवळून जाताना पाऊल उचलून टाकतात. मीही टाकतो. खोटं मीच रचलेलं, तरी त्या काळ्या पाण्याकडे बघितलं की वाटतं, खाली कुणीतरी मोजतंय. मोजू दे.

आणि रोज सकाळी दुकान उघडलं की सगळ्यांत आधी मी हिरव्या बांगड्यांची पेटी काढतो, तळाशी हात घालतो आणि दोनाच्या मापाची माळ चाचपून बघतो. आक्का आता साठीला आली. ती समोर बसून तेलाची वाटी पुसत असते, मान वर न करता.

“हाय का रं?” ती विचारते.

“आहे.”

“मंग फळी काढ की. बाया खोळंबल्यात.”